कर्म, काम आणि कपाळ

दूध उतू जातं. शेवटची गाडी डोळ्यांदेखत सुटते. तीन जिने चढून दारात पोचल्यावर किल्ली खालीच राहिल्याचं आठवतं. अशा वेळी मराठी माणसाच्या तोंडून एकच शब्द निघतो: "कर्म!" फार तर "कर्म माझं!" हा शब्द आला 'करणे' या अर्थाच्या धातूपासून, आणि आपण तो वापरतो नेमका करण्यासारखं काही हातात उरलेलं नसतं तेव्हा. तीन हजार वर्षांचा शब्द ओट्याशी येऊन असा उलटा कसा झाला, याचं मला फार कुतूहल आहे. त्याचा माग काढत गेलं की सुरुवातीला नशीब कुठेच भेटत नाही. भेटतात लोहार, गुराखी, कांडणारे हात आणि व्याकरणाचे पंडित.

धातू 'कृ'. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, तो 'डुकृञ् करणे' असा, आठव्या म्हणजे तनादि गणात (वर्गात) येतो. त्याला 'मन्' प्रत्यय लागला की 'कर्मन्' हे नपुंसकलिंगी नाम होतं. प्रथमेच्या एकवचनात शेवटचा न् गळतो आणि 'कर्म' राहतं. गळलेला न् पुढच्या विभक्तींत परत येतो आणि मागच्या 'र'मुळे ण होऊन येतो: कर्मणा, कर्मणि. हाच प्रत्यय जन्मन्, चर्मन्, वेश्मन् या शब्दांत आहे. त्याची खोड अशी की तो कधी क्रिया सांगतो, कधी क्रियेतून उभी राहिलेली वस्तू. जन्मन् म्हणजे जन्मण्याची क्रिया. पण विश्, म्हणजे आत शिरणे, यावरून झालेलं वेश्मन् म्हणजे थेट घर. 'कर्म' या शब्दात करणं आणि केलेलं ही दोन्ही पहिल्यापासून एकत्र नांदतात. पुढे तत्त्वज्ञांनी यावर जी रणं माजवली, त्यांचं बी या प्रत्ययातच आहे असं मला वाटतं.

हा शब्द मराठीत दोन वाटांनी आला. पोथीच्या वाटेनं आला तो जसाच्या तसा: कर्म. लोकांच्या तोंडून आला तो झिजत आला. आधी प्राकृतात र् आणि म एकजीव होऊन 'कम्म' झालं, मग जोडाक्षर सुटं झालं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला: काम. आपण रोज करतो ते काम म्हणजे कर्मच. चर्म, चम्म, चाम. घर्म, घम्म, घाम. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात, सगळ्यांना एकच नियम. काम, घाम आणि चाम हे तीन शब्द एकाच घाण्यातून पिळून निघालेत, आणि तिघांच्या अंगाला कष्टाचा वास आहे. 'कामकाज' म्हणताना तर आपण 'कृ'ला दोनदा हाक मारतो, कारण काज म्हणजे 'कार्य', कज्ज, काज.

इथे एक फसवा जुळा आहे. इच्छा या अर्थाचा 'काम' हा 'कम्' धातूचा. तो संस्कृतातून तसाच आला, त्याचं कर्माशी रक्ताचं नातं नाही. म्हणून 'निष्काम' म्हणजे इच्छेवाचून, हा मोठा सन्मान. आणि 'निकामी' म्हणजे कामातून गेलेला, मोडीत काढण्याच्या लायकीचा. एका अक्षराच्या फरकानं माणूस गीतेतून भंगारात जातो.

फारसीतून आलेलं नातेवाईक मंडळही मोठं आहे. इराणी आणि संस्कृत या बहिणी, तेव्हा तिकडेही तोच धातू: कर्दन म्हणजे करणे, कार म्हणजे काम. कारकून म्हणजे काम करणारा. कारखाना, कारकीर्द, सरकार, आणि काम नसलेला तो बेकार. पेशव्यांच्या दफ्तरात बसलेला कारकून आणि यज्ञात बसलेला कर्मकांडी एकाच मुळाचे, हे दोघांनाही बहुधा रुचलं नसतं.

ऋग्वेदात याच घरचा आणखी एक शब्द आहे, 'कर्मार'. अर्थ लोहार. दहाव्या मंडलातल्या बहात्तराव्या सूक्तात देवांचा जन्म कसा झाला ते सांगताना कवी म्हणतो की ब्रह्मणस्पती या देवानं हे सगळं कर्मारासारखं फुंकून, धमून घडवलं. विश्वाच्या उत्पत्तीला उपमा भात्याची. पालीत याचा 'कम्मार' झाला. बुद्धांना शेवटचं जेवण वाढणारा चुंद हा 'कम्मारपुत्त', लोहाराचा मुलगा. बंगालीत आजही लोहाराला 'कामार' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द टिकला नाही, पण 'कार' टिकला, तोही ओळखू येणार नाही इतका झिजून. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार: या सगळ्यांच्या शेवटी जो 'आर' ऐकू येतो तो 'कृ'च. सुतार तेवढा निराळा, तो सूत्रधार. गावगाड्यातले 'कारू-नारू' म्हणताना बलुतेदारांना जे 'कारू' म्हटलं जाई, तेही यातलंच. एवढा सगळा राबणारा गोतावळा असताना कर्म म्हणजे नशीब हा अर्थ ऐकला की मला त्या शब्दाची दया येते.

व्याकरणात या शब्दाला सगळ्यात नेमकी व्याख्या मिळाली. पाणिनी सांगतो: 'कर्तुरीप्सिततमं कर्म' (१.४.४९). कर्त्याला क्रियेनं जे सगळ्यात जास्त गाठायचं असतं ते कर्म. यातला प्रत्येक शब्द भाकरीच्या पिठासारखा चाळून घेतलेला आहे. 'कर्त्याला' कशासाठी? पाणिनीच्या सूत्रांवरचं विवरण, काशिका वृत्ती, उदाहरण देते: 'माषेष्वश्वं बध्नाति', तो उडदाच्या रानात घोडा बांधतो. हवेसे वाटतात ते उडीद, पण कोणाला? घोड्याला. बांधणाऱ्याला हवा आहे घोडा एका जागी. म्हणून घोडा कर्म ठरतो आणि उडदांना सप्तमी. 'सगळ्यात जास्त' कशासाठी? दुधाशी भात खाणाऱ्याला दूधही हवंच असतं, पण क्रियेचा रोख भातावर, म्हणून भात कर्म आणि दुधाला तृतीया. मग नकोशा गोष्टींचं काय? पुढचंच सूत्र: 'तथायुक्तं चानीप्सितम्'. नको असलेलंही क्रियेत तसंच गुंतलं असेल तर तेही कर्म. उदाहरण, विष खाणे. गावाला जाताना वाटेत चोर दिसतात, ते कोणाला हवे असतात? तरी 'चोरांना पाहतो' यात चोर हे कर्मच. हवं म्हणून केलं काय, न मागता पुढ्यात आलं काय, क्रियेशी जोडलं गेलं की ते कर्म. पुढे कर्मसिद्धांतावर जाडजूड ग्रंथ झाले, पण ही दोन सूत्रं वाचल्यावर ते मला थोडे ऐसपैस वाटतात.

शाळेत आपण कर्तरी, कर्मणी, भावे असं घोकतो. या तीन सप्तम्या आहेत, हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. कर्तरि म्हणजे 'कर्ता या अर्थी', कर्मणि म्हणजे 'कर्म या अर्थी'. पाणिनीच्या 'कर्तरि कृत्' आणि 'लः कर्मणि च भावे चाकर्मकेभ्यः' या सूत्रांतून ती रूपं जशीच्या तशी उचलली गेली आणि मराठीच्या सवयीनं शेवटची वेलांटी दीर्घ झाली. मराठीत मात्र कर्मणीनं असा जम बसवला की आपल्याला तो कधी खटकतही नाही. मुलगा पोळी खातो, मुलगी पोळी खाते: इथे क्रियापद कर्त्याच्या मागे चालतं. मुलाने पोळी खाल्ली, मुलाने आंबा खाल्ला, मुलीने केळं खाल्लं: आता ते कर्माच्या मागे गेलं, आणि कर्ता 'ने' लावून बाजूला बसला. करत असतो तोवर क्रियापद करणाऱ्याचं. करून झालं की केलेल्याचं. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे असे काही सकर्मक धातू या शिस्तीत बसत नाहीत. तो पाणी प्याला, ती कविता शिकली, मी नाव विसरलो. पण ते अपवाद.

कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं एक वाक्य मराठीतल्या अगदी जुन्या लेखांमध्ये मोजलं जातं: 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. तारखेबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, वाक्याबद्दल नाहीत. चामुंडरायानं करवलं. कर्ता तृतीयेत, क्रियापद नपुंसकलिंगी, आणि धातू पुन्हा 'कृ', तोही प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेण्याचा. त्यानं स्वतः छिन्नी धरली नव्हती, हे त्या एका 'व'नं प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलंय. कोणाच्या हातांनी केलं ते मात्र त्या वाक्यात नाही.

आता यज्ञ. 'कर्म' या शब्दाला भारदस्तपणा आला तो यज्ञशाळेत. तो कसा, ते शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात दिसतं. 'इषे त्वोर्जे त्वा' पासून सुरू होणाऱ्या या मंत्रात शब्द येतात: 'देवो वः सविता प्रार्पयतु श्रेष्ठतमाय कर्मणे', सविता देव तुम्हांला श्रेष्ठतम कर्माकडे नेवो. हे 'तुम्ही' कोण? गाई. अमावास्येच्या इष्टीच्या, म्हणजे छोट्या यज्ञाच्या, आदल्या दिवशी अध्वर्यू हा पुरोहित पळसाची किंवा शमीची फांदी तोडतो, तिनं वासरांना शिवून आयांपासून दूर करतो आणि गाईंना चरायला हाकतो, म्हणजे संध्याकाळी धार काढता येईल आणि दुधाचं विरजण लागेल. शतपथ ब्राह्मण या ठिकाणी खुलासा करतं: 'यज्ञो वै श्रेष्ठतमं कर्म'. हे वाक्य आज निमंत्रणपत्रिकांवर आणि फलकांवर एकटंच झळकतं. त्याच्या मागे वासरं हाकण्याची फांदी आहे, हे मला त्या वाक्याहून जास्त आवडतं.

इष्टीतला पुरोडाश म्हणजे हवनासाठी भाजलेली जाड भाकरी समजा. तिची कृती बारकाईनं दिलेली आहे. प्रत्येक देवतेसाठी चार मुठी धान्य, न कांडलेलं भात किंवा जव; तीन मुठी मंत्रासह, चौथी गुपचूप. काळविटाच्या कातड्यावर उखळ ठेवून कांडायचं, सुपानं पाखडायचं, पाट्यावर वाटायचं, गरम पाण्यात मळायचं, कासवाच्या पाठीसारखा आकार द्यायचा. मग निखाऱ्यांवर मांडलेल्या खापरांवर भाजायचं. या खापरांना 'कपाल' म्हणतात. अग्नीच्या पुरोडाशाला आठ कपालं, अग्नी-सोमाच्या पुरोडाशाला अकरा. आता 'कर्म माझं' आणि 'कपाळ माझं' हे दोन उद्गार शेजारी ठेवून बघा. कपाळावर विधिलिखित असतं अशी समजूत आहे, म्हणून आपण कपाळाला हात लावतो. पण हा शब्दही त्या खापराचाच. कवटीला आणि खापराला संस्कृतात एकच नाव. वैतागाच्या क्षणी आपण नकळत यज्ञशाळेतली दोन नावं घेतो, एक विधीचं आणि एक भांड्याचं.

बिघडतं कुठे, तेही लिहिलेलं आहे. तैत्तिरीय संहिता म्हणते की पुरोडाश करपला तर तो निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा, कच्चा राहिला तर रुद्राचा, नीट भाजला तरच देवांचा. म्हणून न जाळता शिजवावा. चुलीपुढे बसणाऱ्या कोणत्याही बाईनं सुनेला हेच सांगितलं असतं, निर्ऋती तेवढी वगळून. अग्निहोत्राचं दूध तापत ठेवलेलं असताना सांडलं किंवा उतू गेलं तर प्रायश्चित्त काय, असा प्रश्न ऐतरेय ब्राह्मण विचारतं. उत्तर: त्यावर पाणी ओतावं, पाणी म्हणजे शांती. उतू जाणाऱ्या दुधावर गार पाण्याचा हबका मारणारा हात तेच करतो, फक्त शांतीचा मंत्र म्हणण्याऐवजी 'कर्म!' म्हणतो.

छांदोग्य उपनिषदात तर दुरुस्तीचं सगळं खातं ब्रह्मा नावाच्या ऋत्विजाकडे, म्हणजे यज्ञातल्या एका पुरोहिताकडे, दिलं आहे. बाकीचे म्हणतात, गातात, आहुती देतात. हा गप्प बसून लक्ष ठेवतो. ऋचेत चूक झाली तर गार्हपत्य अग्नीत 'भूः स्वाहा', यजुसात झाली तर दक्षिणाग्नीत 'भुवः स्वाहा', सामात झाली तर आहवनीयात 'स्वः स्वाहा'. आणि हे सांधणं कसं? सोनं लवणानं सांधावं, चांदी सोन्यानं, कथील चांदीनं, शिसं कथलानं, लोखंड शिशानं, तसं. लवण म्हणजे इथे टाकणखार, असं भाष्यात स्पष्ट केलं आहे. डाग देताना, म्हणजे दागिना सांधताना, सोनार आजही टाकणखारच वापरतो, कारण तापलेल्या धातूवर चढणारा मळ तो विरघळवतो आणि डाग नीट बसतो. मळ राहिला की डाग वरवर चिकटतो आणि ओढ बसताच सुटतो.

या सगळ्या काटेकोरपणातून 'कर्मठ' हा शब्द वर आला. पाणिनीच्या 'कर्मणि घटोऽठच्' या सूत्रानं तो सिद्ध होतो: जो कामात झटतो तो कर्मठ. हिंदीत हा अर्थ टिकला. तिकडे 'कर्मठ कार्यकर्ता' ही शाबासकी आहे. मराठीत कर्मठ म्हणजे सोवळ्याओवळ्याचा, हट्टी, वाकेल पण मोडणार नाही याच्या उलट. हिंदी पत्रकाचं मराठी करताना हा शब्द तसाच ठेवला की सत्कारमूर्तीचा चेहरा पडतो. अर्थात हा बदल उगाच झालेला नाही. शतकानुशतकं विधी पाळणाऱ्यांनी माणसांना दूर ठेवलं त्याची ही भाषेनं केलेली नोंद आहे.

पण यज्ञवाद्यांपुढे एक अडचण होती. स्वर्ग हवा असेल त्यानं यज्ञ करावा, ठीक. पण यज्ञ आज संपला, निखारे विझले, फळ मेल्यावर. मधल्या काळात ते फळ राहतं कुठे? यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी उत्तर काढलं: कर्मातून एक न दिसणारी शक्ती उपजते, आधी नव्हती अशी, म्हणून तिचं नाव 'अपूर्व'. ती कर्त्याला चिकटून राहते आणि वेळ आली की फळते. आज आपण 'अपूर्व उत्साहात' सभा पार पडल्याच्या बातम्या वाचतो. एका हिशेबातली न जुळणारी रक्कम भरून काढण्यासाठी घडवलेली ही संज्ञा होती, याचा मागमूसही त्या बातमीत नसतो.

कर्म यज्ञमंडपाबाहेर कधी पडलं? बृहदारण्यक उपनिषदात एक जागा आहे. जनकाच्या सभेत जारत्कारव आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो: माणूस मेला की वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, केस वनस्पतींत, मग तो माणूस तेव्हा असतो कुठे? भर सभेत सडेतोड उत्तरं देणारे याज्ञवल्क्य इथे म्हणतात: 'आहर सोम्य हस्तम्', बाबा, हात दे इकडे, हे आपण दोघंच जाणू, चारचौघांत नको. दोघं बाहेर जातात. त्यांचं बोलणं उपनिषद ऐकवत नाही. एवढंच सांगतं की ते जे बोलले ते कर्माविषयी बोलले, पुण्य कर्मानं माणूस पुण्यवान होतो, पापानं पापी. मग आर्तभाग गप्प झाला. आज टपरीवर चर्चिला जाणारा सिद्धांत पहिल्यांदा असा हात धरून, बाजूला नेऊन, हळू आवाजात सांगितला गेला. पुढच्याच अध्यायात गवतावरच्या अळीचा दृष्टांत येतो: ती पात्याच्या टोकाशी जाते, पुढच्या पात्याचा आधार घेते आणि मग मागचं अंग ओढून घेते. तिथेच साखळीही दिली आहे: जशी इच्छा तसा संकल्प, जसा संकल्प तसं कर्म. इच्छेचा काम आणि काम होणारं कर्म, हे जुळे इथे एका ओळीत येतात.

वैशेषिकांना, म्हणजे कणादांच्या मताच्या तत्त्वज्ञांना, यातलं काही नको होतं. त्यांच्या लेखी कर्म म्हणजे निव्वळ हालचाल, आणि ती पाच प्रकारची: वर फेकणे, खाली टाकणे, आखडणे, पसरणे आणि जाणे. कणादांच्या सूत्रांत प्रयोगशाळा म्हणजे उखळ-मुसळ. प्रयत्नामुळे हातात कर्म येतं, हाताच्या स्पर्शामुळे मुसळात. पण मुसळ आपटून उसळतं तेव्हा कारण हात राहत नाही, आघात होतो. कांडणाऱ्याला हे मनगटात कळतं. उसळी येते तेव्हा हात नुसता बरोबर जातो, उचलायचे कष्ट निम्मे होतात. बाणाचंही तसंच. पहिली हालचाल दोरीच्या धक्क्यानं, पुढची त्या हालचालीनं निर्माण केलेल्या वेगानं, आणि वेग संपला की जडपणामुळे पडणं.

हाच बाण पुढे वेदान्त्यांनी उचलला. ज्ञान झाल्यावर सगळी कर्मं जळतात, मग ज्ञानी माणूस त्याच क्षणी मरत का नाही? शंकराचार्यांचं उत्तर: सुटलेला बाण वेग संपेपर्यंत जातोच, कुंभाराचं चाक हात काढल्यावरही फिरतं. ज्याचं फळ सुरू झालंय ते 'प्रारब्ध', म्हणजे आरंभलेलं. साठून आहे ते 'संचित', आत्ता करतोय ते 'क्रियमाण'. मूळ ब्रह्मसूत्र दोनच भेद करतं: ज्याचं कार्य सुरू झालं ते आणि न झालं ते. म्हणजे 'प्रारब्ध' या शब्दात बाण पूर्वी आपणच सोडलेला आहे, हे गृहीत आहे. मराठीनं प्रारब्ध ठेवलं, धनुष्य टाकून दिलं.

बुद्धांनी गाठ दुसरीकडून सोडवली: 'चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि', भिक्षूंनो, हेतूलाच मी कर्म म्हणतो. मुंगी नकळत पायाखाली येणं आणि मुद्दाम चिरडणं यांत इथे फरक पडला. जैनांनी अगदी उलट टोक गाठलं. त्यांच्याकडे कर्म हा सूक्ष्म पदार्थ आहे, पुद्गल. तेल लावलेल्या अंगाला धूळ बसावी तसा तो कषायांमुळे, म्हणजे राग-लोभासारख्या विकारांमुळे, जीवाला चिकटतो. त्याचे आठ मूळ प्रकार आणि पोटभेद ५, ९, २, २८, ४, ९३, २, ५ असे मिळून १४८. एकट्या नामकर्माचे ९३, त्यात शरीराची ठेवण, हाडांची बांधणी, आवाजाचा गोडवा इथपर्यंत सगळं येतं. येणारं कर्म थांबवणं तो संवर, साठलेलं झाडून काढणं ती निर्जरा. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन शेतकरी घरांत हे शब्द आजही प्रवचनातून कानांवर पडतात.

याच शब्दाची काळी बाजूही उपनिषदातच सुरू होते, हे झाकण्यात अर्थ नाही. छांदोग्याच्या पाचव्या अध्यायात चांगल्या वागणुकीच्यांना ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनी आणि वाईट वागणुकीच्यांना कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची योनी सांगितली आहे. एकदा जन्मालाच निकालपत्र मानलं की अन्याय करणारा सुटतो आणि सोसणारा आरोपी होतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी गतजन्मीच्या कर्मावर आजची स्थिती ठरते ही कल्पना बुद्धाच्या शिकवणुकीत बसत नाही, अशी भूमिका घेतली ती या जागी बोट ठेवून. कर्माबद्दल गोड गोड बोलणाऱ्यानं आधी हे पान ओलांडून दाखवावं.

गीतेचा दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक सगळ्यांना अर्धा पाठ असतो. त्याला चार चरण आहेत. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही, हे दोन. फळासाठीच कर्म करणारा होऊ नकोस, हा तिसरा. आणि चौथा, 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', काही न करण्याचीही ओढ लागू देऊ नकोस. हा चौथा चरण बैठकीत सहसा कोणी म्हणत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं आणि १९१५ साली ते छापून आलं, त्याचा सगळा जोर याच चरणावर आहे असं म्हटलं तरी चालेल. एक अख्खं प्रकरण त्यांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या जोडीला दिलं.

बोलीतली मराठी मात्र कोणाही एकाची शिष्या झाली नाही. 'दैव देतं आणि कर्म नेतं' या म्हणीत कर्म अजून आपलं आहे: नशिबानं दिलेलं आपल्याच करणीनं घालवलं. 'कर्मधर्मसंयोगानं' म्हटलं की तोच शब्द निव्वळ योगायोग होतो. 'कर्मकटकट' म्हटलं की नुसती पीडा. 'कर्मचारी' म्हटलं की पगारपत्रक, 'पंचकर्म' म्हटलं की वमन आणि बस्ती, 'क्रियाकर्म' म्हटलं की दहावा-बारावा. आणि 'करणी' म्हटलं की लिंबू-मिरची. हा शेवटचा अर्थही जुनाच. अथर्ववेदात कोणी कोणावर केलेल्या जादूटोण्याला 'कृत्या' म्हणतात, म्हणजे 'केलेली'. शत्रूनं नेमकं काय केलं हे उच्चारायचं नाही म्हणून नुसतं 'केलं'. "त्याच्यावर कोणीतरी काहीतरी केलंय" हे वाक्य तेव्हाही असंच कुजबुजलं जात असणार.

गेल्या काही वर्षांत या घरात एक पाहुणा आलाय: कर्मा. शेवटचा आ लांब. एकोणिसाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळला, त्यात थिऑसॉफिस्ट मंडळींचा, म्हणजे पौर्वात्य अध्यात्माच्या नादी लागलेल्या एका पंथाचा, वाटा मोठा. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेली त्यांची संस्था १८७९ साली मुंबईत आली आणि त्याच वर्षी तिचं मासिकही मुंबईतून सुरू झालं. म्हणजे विलायतेला निघालेल्या या शब्दाची एक बोट मुंबईहूनच सुटली म्हणायची. परत आला तो बदलून. त्याला जन्मोजन्मीची वाट बघायला वेळ नाही. ज्यानं आपल्याला कट मारला त्याची गाडी पुढच्याच चौकात पोलिसांनी धरली, की झाला कर्मा. आणि तो नेहमी दुसऱ्याचा असतो. स्वतःची गाडी धरली गेली की शब्द पुन्हा ऱ्हस्व: "कर्म माझं!"

व्याकरणाच्या हिशेबानं हा पाहुणा आकारान्त पुल्लिंगी. घोडा-घोड्याला या चालीनं त्याचं 'कर्म्याला' व्हायला हवं, पण तसं कोणी म्हणत नाही. आणि आपल्या जुन्या नपुंसकलिंगी 'कर्मा'चं सामान्यरूपही कर्मा-च: कर्माला, कर्माने, कर्माचं. त्यामुळे मुलगी मोबाइलवर बोटं फिरवत "त्याच्या कर्माने गेला" म्हणते आणि आतून आजी "हो ना, कर्माने" म्हणते, तेव्हा दोघींपैकी कोणता शब्द कोणी वापरला ते ऐकून सांगता येत नाही.